डोळ्यांच्या निमित्ताने

माझं माहेर तेरेखोलच्या खाडीपलीकडे होतं. आरोंद्याच्या धक्क्यावर होडीत बसलं की तोंडातलं पान रंगेपर्यंत पलतड यायची, असं माझे सासरे म्हणायचे. पलतडीला उतरून भाताच्या मळ्यांतून अर्धा तास चाललं की आमचं घर. मी लग्न होऊन आले ते पन्नास किंवा एक्कावन्न साल असावं. वऱ्हाड पाच होड्यांतून आलं होतं आणि ओहोटी लागायच्या आत परत जायचं म्हणून जेवणावळ घाईने उरकली होती. मी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चालले आहे, असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही. पलीकडे पोर्तुगीज आहेत, त्यांचे शिपाई आहेत, नाणी वेगळी आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण भाषा तीच, देव तेच, आणि सोयरिकी तर शंभर वर्षांच्या.

आजारपणात तर खाडी कुणाला आठवायचीच नाही. इकडच्या कुणाचं हाड मोडलं किंवा ताप उतरेना झाला की त्याला पेडण्याला नाहीतर म्हापशाला न्यायचे, कारण आमच्या बाजूला डॉक्टर गाठायचा तर सावंतवाडीपर्यंत जावं लागे. तिकडची माणसं काविळीच्या औषधासाठी आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याकडे यायची. माझ्या मोठ्या जावेच्या बाळंतपणात अडलं तेव्हा माझ्याच माहेरच्या गावची सुईण भरतीच्या पाण्यातून होडीने आणली होती.

पुढे गोव्यासाठी सत्याग्रह सुरू झाले. माणसं सरहद्दीवर गेली, गोळीबार झाला, आणि त्यानंतर खाडी बंद झाली. बंद झाली म्हणजे पाणी होतं तसंच होतं, पण होड्या थांबल्या. आमच्या धक्क्यावर पोलिसांची चौकी बसली. पलीकडे शिपाई बंदुका घेऊन फिरताना दिसायचे. मी तेव्हा पहिलटकरीण होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आयेने मऊ जुनेर धुऊन ठेवलं आहे असा निरोपही येऊन गेला होता. पण मुलगी झाली ती इथेच, सासूच्या हातावर. बारशाला आयेकडून कुंची आली. ती एका मासे विकणाऱ्या बाईने कशी आणली ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. लाल छिटाची होती. टाके वाकडेतिकडे पडले होते. माझ्या आयेचं शिवण गावात नावाजलेलं, म्हणून मला ते टाके बघून वाईट वाटलं. घाईत शिवली असेल असं मी मनाशी म्हटलं.

तीन वर्षं मी आयेला बघितलं नाही. पत्र टाकलं तर कुठून कुठे फिरून महिन्यांनी पोचायचं, नाहीतर पोचायचंच नाही. आणि आयेला वाचता येत नव्हतं. दुपारची भांडी झाली की मी धक्क्याच्या वरच्या अंगाला काजूखाली जाऊन बसायची. तिथून पलीकडचे माड दिसायचे, आमच्या वाटेवरच्या टेकाडाचा माथा दिसायचा. घर दिसत नसे. सासूबाईंनी मला तिथे बसलेलं एकदोनदा बघितलं.

तिथे बसून माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. खाडी अगदीच बंद नव्हती. आठवड्यातून एखाददुसरी होडी कागद दाखवून सुटायची, आणि तिच्यात बसलेलं माणूस बहुतेक आजारी असायचं. पाय सुजलेला म्हातारा, पोट फुगलेलं पोर घेतलेली बाई, तोंडाला फडकं बांधलेला खोकणारा माणूस. आजाऱ्याला परवाना मिळायचा. धडधाकट असताना आईला भेटायचंय म्हणून परवाना मागायची कुणाची छाती नव्हती. त्या दिवसांत मला आजाऱ्यांचा हेवा वाटायचा. हे आज लिहितानाही बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

आमच्या शेजारणीला मुतखड्याचा त्रास होता. ती आधीपासून म्हापशाच्या एका डॉक्टरकडे जायची, म्हणून तिला वर्षातून तीन-चारदा परवाना मिळे. ती निघाली तेव्हा मी तिच्या पाया पडायचीच बाकी राहिले. येताना वाट वाकडी कर, माझ्या आयेला बघून ये, एवढंच मागितलं. आठ दिवसांनी ती परत आली ती थेट आमच्या पडवीत येऊन बसली. पाणीही न पिता तिने सांगायला सुरुवात केली. घर बरं आहे, भावाचं शेत पिकलंय, भावजयीला दिवस आहेत. मग थोडी थांबून म्हणाली,

“तुझ्या आवशीन माझां तोंड हातान चापसून बघल्यान. तिका वाटलां, तूच इलंस.”

मला समजायला जरा वेळ लागला. आयेच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एका डोळ्याने फक्त उजेड आणि अंधार कळायचा, दुसऱ्याने सावली. कुंचीचे टाके वाकडे का पडले होते ते त्या क्षणी कळलं. भाऊ तिला म्हापशाला नेणार होता, तिथे डोळ्यांचा डॉक्टर आहे, असंही शेजारीण म्हणाली.

त्याच सुमारास माझ्या यजमानांनी एक बातमी आणली. ते गावच्या शाळेत मास्तर होते. दिवाळीच्या सुटीत वेंगुर्ल्याच्या एका शाळेत नेत्रयज्ञ भरणार होता. घाटावरून डॉक्टर येणार, शाळेतच मोतीबिंदू काढणार, आणि मास्तरांनी सुटीत तिथे मदतीला यावं असं पत्रक आलं होतं. यजमान जेवताना सहज सांगत होते. मी आमटी वाढता वाढता थांबले.

त्या रात्री जे ठरवलं ते सकाळी त्यांना सांगितलं. आयेला इकडे आणायचं. ते शांत स्वभावाचे. एवढंच म्हणाले की म्हापसा तिला जवळ आहे, परवाना लागत नाही, मुलगा सोबत आहे. तिथला डॉक्टर चांगला नाही का? मी म्हटलं, घाटावरच्या डॉक्टरचा हात फार चांगला आहे, सगळे सांगतात. कुणीही मला असं सांगितलं नव्हतं. त्या डॉक्टरचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. यजमानांनी माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी अर्ज लिहायला बसले.

सासूबाईंची मला भीती होती. व्याह्यांच्या घरचं आजारपण आपल्या घरात, तेही महिनाभर. पण त्यांनी तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडे न बघताच सांगितलं, “माझां म्हायार मिठबावाक. थंय जावक परवानो लागणा नाय. तरी बारा वर्सां झाली, मी गेलंय नाय. तू आवशीक घेवन ये.”

अर्जाला चार महिने लागले. पलीकडून दाखला, इकडून दाखला, सावंतवाडीच्या कचेरीत खेपा. भावाला शेजारणीकरवी निरोप गेला की म्हापशाला नेऊ नको, परवाना येतो आहे, थांब. तो थांबला. त्या चार महिन्यांत आयेचा दुसरा डोळाही बराच गेला असणार. तेव्हा मी त्याचा विचार केला नाही. मी दिवस मोजत होते.

परवाना आला तो तीस दिवसांचा.

ज्या दिवशी ती यायची त्या दिवशी मी सकाळपासून धक्क्यावर उभी होते. भावाला या तीरावर यायची परवानगी नव्हती. त्याने तिला पलीकडे होडीत बसवलं आणि तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला. होडी निघाली. आये होडीच्या मधोमध, दोन्ही हातांनी कड धरून, मान खाली घालून बसली होती. कुठे बघायचं हा प्रश्नच तिला नव्हता. मी हाका मारत होते, पण वारा आडवा होता. होडी अगदी जवळ आली तेव्हा तिने मान वर केली, आणि भलत्याच दिशेला हसली.

चौकीत तिचं बोचकं सोडलं. आत दोन लुगडी, कोकमाची सोलं आणि नारळ. माल इकडे आणायला बंदी होती, म्हणून नारळ आणि सोलं होडीवाल्याबरोबर परत गेली. बाकावर बसलेला अंमलदार तरुण होता, घाटावरचा असावा, बोलणं अदबीचं होतं. त्याने कागदावरचे प्रश्न एकेक करून विचारले. नाव, वय, कुठला आजार, कुणाकडे उतरणार. मग विचारलं, “आजी, देश कुठला तुमचा?”

आयेला प्रश्न कळला नाही असं वाटून मी सांगायला गेले. तिने माझा हात दाबला.

“माझां घर थंय आसा, माझां चेडू हय आसा,” लेकीचा हात न सोडता ती म्हणाली. “देश खंयचो तां माका ठावक नाय.”

त्याने थोडा वेळ टाक तसाच धरला, मग त्याला जे लिहायचं होतं ते लिहिलं.

बाहेर आल्यावर तिने माझ्या तोंडावरून, मानेवरून, खांद्यावरून हात फिरवला आणि मी बारीक झाले म्हणाली. मी बारीक झाले नव्हते, उलट अंगाने भरले होते. पण आईच्या हाताशी वाद घालता येत नाही. मी हो म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी वेंगुर्ल्याला जायचं होतं, कारण नेत्रयज्ञ सुरू झाला होता. शिरोड्यापर्यंत बैलगाडी, तिथून एस.टी. आदल्या दिवशी चौकीतून सुटून आम्ही घरी पोचेपर्यंत माझी मुलगी झोपून गेली होती आणि निघताना ती उठली नव्हती. आयेने झोपलेल्या नातीचं नुसतं पाऊल हातात धरलं.

शाळेच्या वर्गांतले बाक काढून सतरंज्या आणि गाद्या घातल्या होत्या. फळ्यावर सुटीआधीचा शेवटचा सुविचार तसाच होता. डॉक्टर उंच, केस पिकलेले, फार कमी बोलणारे. त्यांनी बॅटरी लावून आयेचे डोळे बघितले. डावा मोतीबिंदू पिकला आहे, तो काढू. उजवा अजून पिकायचा आहे, तो पुढल्या वर्षी आणा. पुढल्या वर्षी, असं ते किती सहज म्हणाले. मीही मान हलवली.

ऑपरेशन झालं. आयेला उताणं निजवलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. हलायचं नाही, खोकायचं नाही, चावून खायचं नाही, हसायचंही नाही. आठ दिवस. तिच्या वर्गात बारा म्हाताऱ्या अशा ओळीने पडलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या उशाशी कुणी मुलगी, कुणी सून.

माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस कुठले असं कुणी विचारलं तर मी तेच आठ दिवस सांगेन. मी तिला चमच्याने पेज भरवायची. तिचे पाय चेपायची. कधी नव्हे ती ती रिकामी होती आणि मीही रिकामी होते. माहेरी तिला कामातून मान वर करायला फुरसत नसायची आणि सासरी मला. ती हळू आवाजात, ओठही फारसे न हलवता, तीन वर्षांचं सगळं सांगायची. कुठली गाय व्याली, कुणाचं लग्न मोडलं, आमच्या परसातली विहीर कशी ढासळली आणि भावाने ती कशी बांधून घेतली. मी तिला माझं सांगायची. मुलीच्या वेळच्या बाळंतपणाचं सांगितलं तेव्हा तिने चाचपून माझा हात धरला. पट्टी ओली होईल म्हणून मला धास्ती पडली, कारण रडायलाही बंदी होती. तिने रडू आवरलं. मग विचारलं की मुलगी दिसायला कशी आहे.

मी सांगायला गेले आणि मला ते धड सांगता येईना. रोज डोळ्यासमोर असलेल्या पोरीचं नाक कसं आहे हे कधी शब्दांत मांडलंच नव्हतं. नाक तुझ्यासारखं, कपाळ तिच्या वडलांचं, असं काहीतरी सांगितलं. आये म्हणाली, रवांदे, मी बघतंय मगे.

नवव्या दिवशी पट्टी सोडली. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यापुढे बोटं धरली आणि किती आहेत विचारलं. तिने तीन म्हटलं, आणि ती तीनच होती. डॉक्टरांनी मला पुढे बोलावलं, आयेला म्हणाले, ही कोण? ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली की उजेड आहे, माणूस आहे, लुगडं हिरवं आहे. तोंड दिसत नाही.

डॉक्टरांनी समजावलं की हे असंच असतं. मोतीबिंदूबरोबर डोळ्यातलं भिंग निघून जातं, आता जाड भिंगाचा चष्मा लागेल. जखम भरून डोळा स्थिर झाला की नंबर काढायचा. सहा आठवड्यांनी त्यांचा माणूस पुन्हा वेंगुर्ल्याला येणार होता, तेव्हा आणा. मी बोटांवर हिशेब केला. परवान्याचे अठरा दिवस उरले होते.

घरी आलो. आयेच्या डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड होती. तिला बघून माझी मुलगी किंचाळून सासूच्या मागे लपली. दोन दिवस ती जवळ गेली नाही. तिसऱ्या दिवशी आयेने भिंतीकडे तोंड करून कोल्ह्याची गोष्ट सुरू केली, कुणालाच न सांगितल्यासारखी, आणि पोर सरकत सरकत तिच्या मांडीला येऊन टेकली. त्यानंतर दोघी दिवसभर एकत्र. आये तिला अंगणात उन्हात उभी करायची, मागे हो, पुढे ये म्हणायची, आणि झापड उचलून बघायची. लाल झबलं तिला दिसायचं. झबल्याच्या वर धुकं.

यजमान मुदत वाढवून घ्यायला सावंतवाडीला गेले. एकदा नव्हे, तीनदा. नेत्रयज्ञातून मिळालेल्या दाखल्यावर शस्त्रक्रिया यशस्वी असं लिहिलं होतं. उपचार पूर्ण झाला आहे, मग मुदत कशासाठी, असं कचेरीतलं म्हणणं. यजमानांनी चष्म्याचं सांगितलं. साहेब वाईट नव्हते, त्यांनी ऐकून घेतलं, पण चष्मा हा आजार नव्हे असं म्हणाले. तिसऱ्या खेपेहून आल्यावर यजमानांनी टोपी खुंटीला अडकवली आणि पायरीवर बसून राहिले. मला काही सांगावं लागलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी मी आयेला न्हाऊ घातलं, डोळ्यात पाणी जाऊ नये म्हणून मान मागे धरून. तिचे केस पुसताना मला राहवेना. मी सगळं बोलून टाकलं. म्हापशाचा डॉक्टर वाईट नव्हता. तिथे गेली असतीस तर परवान्याची भानगड नव्हती, चष्मा मिळाला असता, दुसरा डोळाही तिथेच झाला असता. घाटावरच्या डॉक्टरचा हात चांगला असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मला तू हवी होतीस म्हणून मी खोटं बोलले. तुझ्या डोळ्यांच्या निमित्ताने मी तुला बोलावून घेतलं.

ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. तिने मान वळवली नाही.

“माका ठावक होतां,” ती म्हणाली. “तुझो भाव म्हापश्याक न्हेतंय म्हणत होतो. मीच म्हटलंय, नको. डोळे खंयय बरे होतीत. म्हापश्यात चेडू नाय माझां.”

मी तिच्या ओल्या केसांत तोंड घातलं. सासूबाई दारात आल्या आणि आल्या पावली परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी होडीत बसताना ती स्वतः पाय टाकून चढली, कुणाला धरावं लागलं नाही. एवढा फरक पडला होता. होडी सुटल्यावर ती माझ्या बाजूला तोंड करून बसली. मी हिरवं लुगडं मुद्दाम नेसले होते.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांचा माणूस वेंगुर्ल्याला आला तेव्हा यजमान एकटेच त्याच्याकडे गेले. माणूस नाही आणि नंबर काढा, हे त्याला विचित्र वाटलं असणार. पण तो समजूतदार होता. मोतीबिंदू काढलेल्यांना बहुतेक याच नंबरच्या आसपासचा चष्मा लागतो म्हणून त्याने एक आकडा कागदावर लिहून दिला, लागला तर लागला. बेळगावहून चष्मा करून आला. भिंगं बाटलीच्या बुडासारखी जाड.

आता तो पाठवायचा कसा? वस्तू न्यायला बंदी. शेजारणीची म्हापशाची खेप जवळ आली होती. तिला मी विचारलं. तिने चष्मा हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि म्हणाली, वस्तू न्यायला बंदी आहे, आजाऱ्याने चष्मा घालायला नाही ना? ज्या दिवशी ती निघाली त्या दिवशी घरातूनच चष्मा लावून निघाली. त्या भिंगांतून तिला पुढचं काही दिसत नव्हतं. धक्क्याच्या उतारावर दोनदा ठेचकाळली. चौकीतल्या त्याच तरुण अंमलदाराने तिचा परवाना बघितला, मग तिच्या तोंडाकडे बघितलं. गेल्या खेपेला तिला चष्मा नव्हता हे त्याला आठवत असेल की नाही, देव जाणे. त्याने उठून तिचा हात धरला आणि तिला स्वतः होडीपर्यंत पोचवलं.

परत आल्यावर तिने सांगितलं ते असं. आयेने चष्मा लावला, आणि आधी स्वतःचे हात बघितले. उलटे केले, सुलटे केले. किती म्हातारे झाले म्हणाली. मग सुनेला, नातवाला बघितलं. मग चूल बघितली आणि सुनेला म्हणाली की भिंतीवर केवढी काजळी साठली आहे. हे सांगताना शेजारीण हसली, आणि मीही हसले. नंबर बरोबर बसला होता. तिला आता सगळं दिसत होतं. मी तेवढी दिसत नव्हते.

त्यानंतरच्या चवथीला दोन्ही तीरांवर गणपती विसर्जनाला आले. दरवर्षीच येत, पण त्या वर्षी पलीकडून निरोप होता की आये येणार. मी दुपारपासून मुलीला घेऊन पाण्याशी उभी होते. पलीकडे पुष्कळ माणसं. टाळ-झांजा इकडे ऐकू येत होत्या. तिकडच्या गर्दीत एका बाईने पदर हलवला. मी हात हलवला. मुलीला उचलून खांद्यावर घेतलं, वळवून तिचं तोंड तिकडे केलं. ती बाई आये होती की आणखी कुणी, मला आजवर ठाऊक नाही. खाडी त्या ठिकाणी रुंद आहे.

दुसऱ्या डोळ्यासाठी पुन्हा अर्ज केला होता. मिळाला नाही. पुढच्या वर्षीचा मिळाला नाही, त्याच्या पुढच्याचाही नाही.

एकसष्टच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. तीन-चार दिवस विमानांचे आवाज, आणि मग एके सकाळी यजमान धावत आले की धक्क्यावरून होड्या सुटताहेत, कुणी कागद विचारत नाही. मी चुलीवरचा भात उतरवला आणि मुलीचा हात धरून निघाले. पायात काही घालायचंही सुचलं नाही.

मळ्यांची वाट मी विसरले असेन असं वाटलं होतं, पण पावलांना सगळं ठाऊक होतं. आये अंगणात सुपारी सोलत बसली होती. चष्म्याची एक काडी मोडली होती, तिथे दोरा बांधून कानाला अडकवला होता. मी तिच्यासमोर जाऊन बसले. तिने हातातली सुपारी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. कपाळ, डोळे, नाक, हनुवटी, असं वरून खाली, जसं बाजारात मासा घेताना बघतात तसं नीट. इतक्या वर्षांनी ती काय म्हणेल, याची किती वेळा मी काजूखाली बसून कल्पना केली होती.

“तू माझ्या सासयेसारखी दिसाक लागलंस,” ती म्हणाली, आणि तिच्या चष्म्याखालून पाणी वाहायला लागलं.

उजवा डोळा तिने पुढे करून घेतलाच नाही. यजमानांनी फार समजावलं, आता म्हापशाला न्यायला काही अडचण नाही म्हणाले. ती म्हणायची की बघायचं होतं ते एका डोळ्यात मावलं.

आणि आता जे सांगायचं ते मला कठीण जातं. खाडी मोकळी झाल्यावर पहिल्या वर्षी मी महिन्याला जायची. दुसऱ्या वर्षी दोन महिन्यांनी. मग मला आणखी दोन मुलं झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, यजमानांची बदली कुडाळकडे झाली. चवथीला जायची, मेमध्ये चार दिवस जायची. कधी चवथही चुकायची. होडीला अडवणारं कुणी नव्हतं, आणि मी उद्या जाईन, आठवड्याने जाईन म्हणत राहायची. काजूखाली बसून ज्या माडांकडे मी तासन्‌तास बघायची, त्यांच्याकडे धक्क्यावरून जातायेता माझी नजरही जायची नाही. सासूबाई मिठबावला बारा वर्षं का गेल्या नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. त्यांना कुणी अडवलेलं नव्हतं.

आये गेली ती श्रावणात, सदुसष्ट साली. पाऊस लागून राहिला होता, खाडीला गढूळ पाणी आलं होतं आणि दोन दिवस होडी सुटली नव्हती. भावाचा माणूस तिसऱ्या दिवशी पोचला. मी गेले तेव्हा सगळं उरकलं होतं.

मी भावाला विचारलं, मला बोलवायला कुणाला का पाठवलं नाही? पाणी असेल, पण निरोप तरी धक्क्यापर्यंत द्यायचा. तो म्हणाला की ती आजारी अशी नव्हतीच, नुसता ताप होता. आदल्या दिवशी त्याने तिला विचारलं होतं, बहिणीला कळवू का म्हणून. ती उठून बसली होती, पेज प्याली होती.

“पाणी उतरांदे,” ती म्हणाली होती. “मगे येतलां चेडू.”